पेनथॉर्नची चार पानं

कोणी हातात कागद घेऊन समोर आलं, की एडिटर अंकल आधी कागदाकडे बघायचे आणि मग जमलंच तर माणसाकडे. लग्नाची पत्रिका द्यायला गेलेल्या एका जोडप्याला त्यांनी दारातच उभं करून पत्रिकेतल्या तीन चुका लाल पेनाने दाखवल्या, आणि त्या नादात अभिनंदन करायचं राहूनच गेलं. चर्चमध्ये मिस्साच्या वेळी गीतांचे कागद वाटले जात. त्यांच्या हातातला कागद परत यायचा तो जखमी होऊन. एका मयताला तर त्यांनी कहर केला. शवपेटीजवळ वाटलेल्या कार्डावर मयत माणसाच्या गावाचं नाव चुकलं होतं. ते त्यांनी दुरुस्त केलं आणि कार्ड विधवेच्या हातात देऊन म्हणाले, "पुढच्या वेळेला नीट छापा."

मला ते आवडत नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण माणूस गेला की त्याच्यावर साखर पेरून लिहायची आपल्यात रीत आहे. कालपर्यंत ज्याच्या नावाने बोटं मोडली, तो आज एकदम प्रेमळ, दिलदार आणि समाजाचा आधारस्तंभ होतो. अंकल जाऊन सात-आठ महिने झाले. त्यांच्यावर कोणी काही लिहिलेलं नाही, कारण लिहिलेलं छापणारे तेच एकटे होते. म्हणून मी लिहिते आहे. साखर नाही माझ्याकडे.

टोरांटोच्या आजूबाजूला आम्हा वसईकर ख्रिस्ती लोकांची बरीच घरं आहेत. त्यांच्यासाठी अंकल एक त्रैमासिक काढायचे. काढायचे म्हणजे सगळं तेच करायचे: मजकूर मागवणं, कापणं, प्रूफं तपासणं, पाकिटांवर पत्ते घालणं. मुंबईत ते एका छापखान्यात जुळारी होते. शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक करून जुळवून त्यांनी तरुणपण काढलं. कॅनडात आले तोवर ती विद्याच संपत आली होती, मग इथे तीस वर्षं ग्रोसरीचे फ्लायर छापणाऱ्या कारखान्यात गठ्ठे बांधले. बायको वारली, मुलगी लग्न होऊन ओटावाला गेली, आणि मिसिसागाच्या एका काँडोत हा माणूस लाल पेन घेऊन एकटा उरला.

दोन हजार पंधरा साली मी त्यांच्या तावडीत सापडले. मला नोकरी नव्हती, मराठी टाइप करता येत होतं, आणि माझा नवरा सायमन कुठे काय बोलावं हे न कळणारा. पॅरिशच्या हॉलमध्ये तो अंकलना म्हणाला, "हिला घरी बोअर होतं, हिला काहीतरी काम द्या." उचलली जीभ लावली टाळ्याला. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या दारात पाकीट.

त्यांचे नियम असे: लेख हाताने लिहिलेला हवा, रेघी कागदाच्या एकाच बाजूला, आणि पोस्टाने आलेला. ई-मेल त्यांना चालत नसे. "ई-मेल लिहिताना माणूस विचार करत नाही. शाईनं लिहिताना निदान पेन झटकतो, तेवढ्यात तरी करतो," असं त्यांचं म्हणणं. आलेल्या लेखावर ते लाल पेन चालवायचे, कापून-छाटून उरलेलं स्वतःच्या अक्षरात कागदावर उतरवायचे, आणि ते माझ्याकडे टाइप करायला पाठवायचे. मूळ लेख काय होता हे मला कधी दिसत नसे. टाइप करून पाठवलं की उत्तर यायचं नाही. चूक असेल तरच फोन यायचा, आणि तो "हॅलो"ने सुरू न होता "पान सात, ओळ चार" असा सुरू व्हायचा.

आता पेनथॉर्नबद्दल. एडवर्ड पेनथॉर्न हा दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडकडून रग्बी खेळलेला एक खेळाडू. तुम्ही त्याचं नाव ऐकलं नसेल. आम्हीही नव्हतं ऐकलं. पण प्रत्येक अंकाची मधली चार पानं त्याची. चार वर्षं. मुंबईच्या छापखान्यात कधीतरी एका पुस्तकाचं काम आलं होतं, या पेनथॉर्नच्या पुतणीने लिहिलेल्या काकाच्या आठवणींचं. अंकलनी ते इंग्रजी पुस्तक पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत स्वतः जुळवलं, वाया गेलेली प्रूफं घरी नेली, आणि कॅनडाला येताना कपड्यांच्या आधी ती बॅगेत भरली. त्यांनी स्वतः रग्बीचा चेंडू कधी हातात धरला नव्हता. ते कधी पळालेलेही कोणी पाहिले नव्हते. पाठीमागे सगळे त्यांना रग्बीबाबा म्हणायचे.

लेखमाला अशी रेंगाळत चालली होती की पहिलं वर्षभर पेनथॉर्न शाळेतच होता. पाद्र्याचा मुलगा. शाळेत एका चेंडूमागे शंभर-शंभर पोरं धावायची आणि एकमेकांच्या नडग्यांवर लाथा घालायची. त्या काळी तो खेळाचाच भाग होता. मग लोकरीच्या धंद्यात नोकरी, तिथल्या क्लबात नाव, मग इंग्लंडच्या संघात निवड. तेव्हा एका बाजूला पंधरा नाही, वीस खेळाडू असायचे, आणि बराच वेळ ते चाळीस जण डोकी खाली घालून एकमेकांना रेटत उभे असायचे. चेंडू घेऊन रेषेपलीकडे टेकवला तरी गुण मिळत नसे, फक्त गोलवर लाथ मारायची परवानगी मिळायची. अंकलनी सगळ्याला मराठी शब्द काढले होते. त्या रेटण्याला 'रेटा', चेंडू टेकवण्याला 'टेकवण'. हे शब्द त्यांच्याशिवाय जगात कोणी वापरत नव्हतं.

लोक वैतागलेले होते. नाताळच्या गेट-टुगेदरला एक मावशी धीर करून म्हणाल्या, "एडिटर अंकल, त्या रग्बीवाल्याऐवजी रेसिपी टाका ना. आपल्या डुकराच्या इंदेलची टाका. पोरांना इकडे काय कळत नाही."

"रेसिपी यूट्यूबवर आहे," अंकल म्हणाले. "पेनथॉर्न नाही."

पण खरा वैताग लेखमालेचा नव्हता. पेनथॉर्नचं एक शेपूट त्यांनी आमच्या रोजच्या आयुष्याला बांधलं होतं. त्या काळी रग्बीला रेफरी नसे. वाद झाला की दोन्ही कप्तान भांडायचे, पटवायचे, आणि ज्याची चूक असेल त्याने ती कबूल करायची अशी अपेक्षा. अंकलना हे इतकं आवडलं होतं की ते जिथे तिथे तो नियम लावायचे. चर्चच्या आवारातला बर्फ काढायला सायमनने नाव दिलं होतं आणि त्या सकाळी तो झोपून राहिला. पुढच्या रविवारी मिस्सानंतर कॉफीच्या टेबलाजवळ, दहा जणांत, अंकल त्याला म्हणाले, "शोव्हल करायला तू आला नव्हतास."

"अंकल, पाठ धरली होती," सायमन म्हणाला.

"इथे रेफरी नाही. तुझं तूच सांग. पाठ धरली होती?"

सायमन लाल झाला. "झोपलो होतो," म्हणाला.

"शाब्बास," अंकल म्हणाले, आणि बिस्किट उचलून निघून गेले. घरी येईपर्यंत गाडीत मी अंकलच्या नावाने बोटं मोडली. चूक नवऱ्याची होती हे मला कळत होतं. पण माझ्या नवऱ्याला दहा जणांत झोपाळू म्हणायचा हक्क फक्त माझा आहे.

हे सगळं मी गिळलं असतं. असे म्हातारे आपल्या सगळ्यांच्या ओळखीत असतात, आपण त्यांना हसतो आणि पुढे जातो. पण फेब्रुवारीत माझी आई गेली.

माझा पासपोर्ट रिन्यूअलला दिलेला होता. हातात कागद नाही, जाणार कशी? भावाने फोन धरला आणि मी आईचं दफन मोबाइलवर पाहिलं. पेटी खाली सोडायच्या वेळेला नेटवर्क गेलं. परत आलं तेव्हा लोक माती टाकून हात झटकत होते. तीन दिवस मी काही खाल्लं नाही, नुसती लिहीत बसले. अकरा पानं लिहिली. काय लिहिलं ते मला तेव्हाही नीट कळत नव्हतं. रेघी कागद, एकच बाजू, पोस्टाने. फोटो काढून ठेवायचं भान नव्हतं. मला आईचं दफन मिळालं नव्हतं, निदान तिच्यावर चार शब्द छापून यावेत, गावाकडे तो अंक भावाच्या हातात पडावा, एवढंच हवं होतं.

तीन आठवड्यांनी टाइप करायचं पाकीट आलं. आत पेनथॉर्नची जाड चळत होती, आणि तिला टाचणीने लावलेली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर अंकलच्या अक्षरात सहा ओळी. आईचं नाव, वय, गाव, वडलांचं नाव, मागे दोन मुलं आणि चार नातवंडं, आत्म्यास शांती मिळो. माझ्या आईने साठ वर्षं काय केलं, ती कशी बोलायची, कोणावर चिडायची, याचा एक शब्द नाही. आणि ते मलाच टाइप करायचं होतं.

मी फोन केला. "अंकल, मी अकरा पानं पाठवली होती."

"वाचली. जागा नाही."

"पेनथॉर्नला चार पानं आहेत."

"ते क्रमशः आहे, बाय. मध्येच तोडता येत नाही."

"माझी आई तोडता येते?"

मग म्हणाले, "विशेषणं फार होती," आणि फोन ठेवला.

मी टाइप केलं. सहा ओळी, आणि मग चार पानं. ते प्रकरण म्हणजे लेखमालेचा कळस होता. स्कॉटलंडविरुद्धचा सामना. रेट्यातून पेनथॉर्न चेंडू घेऊन रेषेपलीकडे पडतो, अंगावर दहा माणसं. इंग्लंडचा कप्तान म्हणतो टेकवण झाली, स्कॉटलंडचा म्हणतो नाही झाली. सगळे पेनथॉर्नकडे बघतात. तो उठतो, तोंडावरचा चिखल पुसतो आणि म्हणतो, 'चेंडू टेकला तेव्हा माझा नव्हता. स्कॉटलंडच्या माणसाचा हात त्याच्यावर होता.' इंग्लंडची संधी जाते, सामना बरोबरीत सुटतो, आणि या खरेपणाची शिक्षा म्हणून पेनथॉर्नला पुन्हा कधी संघात घेत नाहीत. खाली अंकलचं वाक्य: 'आपल्यापैकी किती जण उठून असं म्हणतील?' हे टाइप करताना माझे दात इतके आवळले गेले की संध्याकाळी जबडा दुखत होता.

सायमन म्हणाला, "सोड ना ते काम. तुला कोणी जबरदस्ती केलीय?" मी सोडलं नाही. सोडलं असतं तर ते म्हणाले असते, पळाली. आणि माझ्या डोक्यात एक किडा शिरला होता. जो माणूस जगाच्या चुका काढतो, त्याची एक चूक मला हवी होती. एकच.

आमच्या पब्लिक लायब्ररीत कंप्युटरवर विलायतेतली जुनी वर्तमानपत्रं बघता येतात हे मला ठाऊक होतं. मी रोज बसने जायला लागले. घरातली धुणी-भांडी उरकून, डबा घेऊन. लायब्ररीतल्या बाईला वाटायचं मी मोठा अभ्यास करतेय. "तुझा प्रबंध कशावर आहे?" असं तिने इंग्रजीत विचारलं. मी म्हटलं, "एका शत्रूवर." ती हसली. मी नव्हते हसले.

नोव्हेंबरात कुठे मला तो सामना सापडला. एक नाही, तीन वर्तमानपत्रांत. तिघांचीही गोष्ट एक. टेकवणीवरून वाद झाला, तो बराच वेळ चालला, आणि सगळ्यात जास्त तावातावाने कोण भांडलं? पेनथॉर्न. चेंडू माझाच होता म्हणून तो हटूनच बसला, शिव्या दिल्याचंही एकाने आडून सुचवलं होतं. शेवटी स्कॉटलंडचा कप्तान कंटाळला आणि म्हणाला, घ्या. गोलवर मारलेली लाथ हुकली, म्हणून सामना बरोबरीत. आणि पुन्हा संघात न घेण्याचं कारण पुढच्या महिन्याच्या एका बातमीत होतं: गुडघा मोडला. चिखल पुसून खरं बोलणारा पेनथॉर्न पुतणीने काकाच्या प्रेमापोटी रचला होता. आणि अंकलनी तो कधी पडताळला नव्हता, कारण ते शब्द त्यांनी स्वतःच्या बोटांनी जुळवले होते. जुळाऱ्याचा भरवसा असाच असतो. जे आपल्या हातून खिळ्याखिळ्याने उभं राहिलं ते खोटं असू शकतं, हे त्यांच्या मनातच आलं नसणार.

त्या दिवशी मला किती आनंद झाला हे सांगायला लाज वाटायला हवी. वाटत नाही. मी येताना केक घेऊन आले.

मग मी संपादकांना पत्र लिहिलं. हाताने, रेघी कागदावर, एकाच बाजूला. सोबत तिन्ही बातम्यांच्या प्रती जोडल्या. पत्रात एकही विशेषण ठेवलं नाही. सायमनला सांगून ठेवलं, "त्यांनी हे दाबलं ना, तर नाताळच्या गेट-टुगेदरला मी माइक घेऊन वाचणार आहे." खरं सांगायचं तर त्यांनी ते दाबावं अशीच माझी इच्छा होती. मी माइकवर काय बोलायचं याची आंघोळ करताना तालीमसुद्धा केली होती.

नऊ दिवस काही नाही. मग पाकीट आलं. सगळ्यात वर माझं पत्र होतं, पहिल्या पानासाठी. त्यांनी नेहमीप्रमाणे स्वतःच्या अक्षरात ते उतरवलं होतं, पण एक शब्द कापला नव्हता, एक वळवला नव्हता. खाली दोन ओळी: 'वरील पत्र बरोबर आहे. मी स्वतः लायब्ररीत जाऊन तपासलं. चूक माझी. लेखमाला इथे संपते. – संपादक.'

शहात्तर वर्षांचा म्हातारा, दोन बस बदलून, डिसेंबरच्या थंडीत. लायब्ररीतल्या बाईने मला नंतर सांगितलं, ते तीन दिवस आले होते. पहिल्या दिवशी त्यांना माउस धरता येत नव्हता.

मला राग आला. हे कोणाला पटणार नाही, पण मला अंगाचा तिळपापड होण्याइतका राग आला. मी इतके महिने जे हत्यार परजलं, ते त्या माणसाने माझ्या हातातून घेऊन स्वतःच्याच पायावर चालवलं. माझ्यासाठी काही ठेवलं नाही.

नाताळच्या गेट-टुगेदरला ते स्वतःच माइककडे गेले. अंक अजून लोकांच्या घरी पोचायचा होता. म्हणाले, "पेनथॉर्नबद्दल मी तुम्हाला चार वर्षं जे सांगितलं, त्यातली मुख्य गोष्ट खोटी होती. मला माहीत नव्हतं, पण माहीत करून घेणं माझं काम होतं. या बायनं ते शोधलं." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. हॉलमध्ये लोक प्लेटी घेऊन उभे होते. मागून कोणीतरी हसत हसत ओरडलं, "अरे अंकल, जाऊ द्या हो! कोण वाचतंय ते?" सगळा हॉल हसला. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. चूक कबूल करताना ताठ उभा असलेला तो माणूस तेव्हा पहिल्यांदा जरासा वाकला. माइक कुठे ठेवायचा ते त्यांना सुचेना. आणि मला कळलं, की त्या दोनशे घरांत पेनथॉर्न पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचणारी मी एकटीच होते.

पुढचा अंक निघाला नाही. त्याच्या पुढचाही नाही. उन्हाळ्यात कळलं, की मुलगी त्यांना ओटावाला घेऊन जाणार आहे, काँडो विकला. मी गेले त्यांच्याकडे. निरोप द्यायला नव्हते गेले. माझी अकरा पानं मागायला गेले होते.

दुपारची वेळ होती. घरभर खोके. मुलगी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. अंकल एका खुर्चीत बसले होते, आणि हातात काही नसलं की ते फार लहान दिसतात हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"अंकल, माझ्या आईचे कागद द्या."

"नाहीत," ते म्हणाले. "छापून झालं की मूळ कागद टाकून द्यायचा. प्रेसचा नियम आहे."

"छापलंत कुठे तुम्ही? सहा ओळी छापल्या."

मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली, "पपा, बी नाइस." त्यांनी हातानेच तिला थांबवलं.

"जागा होती," ते म्हणाले. "तुला खोटं बोललो. मागच्या दोन पानांच्या जाहिराती पुढच्या अंकात ढकलता आल्या असत्या. पेनथॉर्नची दोन पानं पुढे नेता आली असती. पण ते मॅचचं प्रकरण होतं. चार वर्षं मी त्या प्रकरणाकडे चाललो होतो. ते मला अर्ध्यावर तोडवेना. तुझी आई तोडवली." मग म्हणाले, "एक खोटा माणूस छापायला मी एक खरी बाई कापली. तुझी तक्रार बरोबर आहे."

मी रडले. त्यांच्यासमोर रडायचं नाही असं ठरवून गेले होते, तरी रडले. "बरोबर आहे म्हणून काय करू मी? माझ्याकडे काहीच नाही राहिलं. मला आठवतसुद्धा नाही मी काय लिहिलं होतं."

"कागद आहे?" त्यांनी विचारलं. पर्समध्ये ग्रोसरीची यादी होती. "चालेल. मागच्या बाजूला लिही."

त्यांनी डोळे मिटले. उजव्या हाताची बोटं मांडीवर हलायला लागली, एकेक खिळा उचलून ओळीत बसवावा तशी. आणि ते माझी पानं बोलायला लागले. माझीच वाक्यं. आई राजेळी केळी कशी निवडायची, सोलून उन्हात कशी मांडायची, सुकेळी किती दिवसांनी उलटायची, आभाळ आलं की ताटं आत घ्यायला कशी ओरडायची. मध्येच थांबून म्हणाले, "इथे तू 'वात्सल्यसिंधू' लिहिलं होतंस. ते मी आत्ताही घेणार नाही."

"नका घेऊ," मी म्हटलं.

"पुढे. 'आई ज्याच्याशी भांडायची, त्याच्या घरी पहिली सुकेळी पाठवायची. आम्ही विचारायचो, समेट झाला का? ती म्हणायची, भांडान मिटलं नाय हां. केळी सुकली म्हणून धाडली.'"

माझं पेन थांबलं. हे मी लिहिलं होतं? आई हे म्हणायची, खरंच म्हणायची, आणि मी ते साफ विसरले होते. अकरा पानांतलं दीड पान त्यांना आठवलं. मग बोटं थांबली. "पुढचं गेलं, बाय," ते म्हणाले. "सहा महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतंस." जाता जाता दोषही माझ्याच पदरात टाकला.

दीड पान मी टाइप करून भावाला पाठवलं. त्याने ते आईच्या दुसऱ्या वर्षाच्या मिस्साला वाचलं. उरलेली साडेनऊ पानं कुठल्याशा रिसायकलिंगच्या ट्रकमधून गेली, आणि ती टाकणाऱ्या माणसाला मी माफ केलेलं नाही. तो गेला तरी नाही. लोक म्हणतात, आता तरी सोडून दे. मी म्हणते, ज्याने स्वतः मला चूक म्हणजे चूक म्हणायला लावलं, त्याची चूक मी बरोबर कशी म्हणू?

पुढच्या वर्षी मे महिन्यात भावाने वसईहून कोणाबरोबर तरी सुकेळी पाठवली. वहिनीने केलेली, आईच्या हाताची नव्हे, जरा जास्तच वाळलेली. पुडा उघडला आणि मी पहिल्याप्रथम चांगली दिसणारी बारा बाजूला काढली, खोक्यात भरली आणि ओटावाचा पत्ता घातला. आत चिठ्ठी टाकली: 'भांडण मिटलेलं नाही.'

आठवड्याने त्यांच्या मुलीचा फोन आला. म्हणाली, "पपांनी चिठ्ठी वाचली आणि खिशात ठेवली. मग ती सुकेळी एकट्यानेच खाल्ली, चार दिवस पुरवून पुरवून. माझ्या मुलांना एकसुद्धा दिली नाही."

"नाही देणार," मी म्हटलं. "ती त्यांचीच होती."